उभा छेद

नर्मदा कालव्याच्या ऑफिसात एकतीस वर्षं
ह्यांनी जमिनीचे उभे छेद काढले,
कुठे खोदायचं, कुठे भर घालायची.
पाणी आपल्या उताराने गेलं, हे रिटायर झाले,
आणि आता दांडिया बाजारातल्या आमच्या जेवणघरात
भिंतीला आलेखाचा कागद चिकटवतायत.

शून्य म्हणजे कावीचा किनारा.
शून्याची रेघ लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला समांतर.
भरती बघूनच निघायचं, म्हणतात,
शून्य ओलं असायला हवं.
आडवे दहा किलोमीटर एका सेंटीमीटरला,
उभे वीस मीटर.
"म्हणजे डोंगर खोटेच उंच दिसणार की!"
"दिसल्याशिवाय कुणी कामाला लागत नाही."

बडोदं आलं, छत्तीस मीटर.
एवढ्याशा उंचीवर, सुपारीच्या,
मी जन्मले, शिकले, दोन बाळंतपणं केली.

इंदूरला रेघ स्विचबोर्डापर्यंत चढली,
मला वाटलं, चला, जमतंय.
तर भोपाळनंतर ती घसरायलाच लागली,
झाशी, कानपूर, खाली खाली,
गोरखपूर चौऱ्याऐंशी.
"पंधराशे किलोमीटर गाडी हाकून
परत बरणीच्या झाकणापाशी?"
"हो," हे म्हणाले, नेहमीच्या सरकारी शांतपणे.

मग सोनौली. पलीकडे बुटवल. तिथून रेघ जी उठली
ती कागद सोडून गेली.
दुसरा कागद जोडला, तिसरा,
सहकारी बँकेचं कॅलेंडर काढावं लागलं,
मी स्टूल धरून उभी,
मुक्तिनाथ माळ्याच्या दाराच्या कडीशी लागलं.
भूतान या भिंतीवर मावेना.
ते कोपरा वळून, फ्रिजच्या वर.

वहीत बाकीचं सगळं:
नेपाळसाठी शंभराच्या नोटा, गाडीचा भन्सार,
भूतानला दर रात्रीचे पैसे, माणशी.
सोनौलीला घड्याळ पंधरा मिनिटं पुढे,
फुंटशोलिंगला अर्धा तास,
आणि खाली, लाल शाईत, माझ्यासाठी प्रश्न:
रक्तदाबाची गोळी कुठल्या देशाच्या आठला?

मुक्ता पुण्याहून म्हणते, विमानाने जा ना.
बिपिनभाई वॅगनारच्या पोटाखालून म्हणतात, थई जशे,
पण क्लचप्लेट नवी टाका.

एक गोष्ट वहीत नाही.
ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत, बरोब्बर मधोमध,
धुरकट डाग आहे.
रेघेची दोन्ही टोकं यांना दिसतात,
मधलं मला विचारतात,
"लागली का गं? तुटली तर नाही?"
मी बोट फिरवून सांगते, लागली.
एकदा तुटली होती, देवरियाच्या अलीकडे,
मी गपचूप पेन्सिलीने जोडली.

तर गाडी मी चालवणार.
चोपन्नाव्या वर्षी फिरोजाबेनकडे शिकले,
नवलखी मैदानावर, सपाटावर.
आता एकसष्टावं. लायसन्सला डॉक्टरची सही लागली,
त्याने गुडघा ठोकला आणि विचारलं, कुठे निघालात?
मी म्हटलं, बाजारात.

बडोद्याला चढ नाही. बडोद्यात चढ म्हणजे पूल.
म्हणून पहाटे साडेपाचला आम्ही लालबागच्या पुलावर,
मध्यावर गाडी थांबवायची, हँडब्रेक ओढायचा,
आणि परत उचलायची, मागे न घसरता.
पहिल्या दिवशी दुधाच्या टेम्पोवाल्याने
माझ्या आईबापांची चौकशी केली.
आज मागे कुणी नाही.
खालून एक मालगाडी जातेय, संपतच नाही.

अर्धा क्लच. बॉनेट थरथरतंय.
ह्यांनी पाण्याची बाटली डॅशबोर्डावर आडवी धरलीय.
"पातळी किती कललीय बघ."
"दोन बोटं."
"तुझी का माझी?"
"माझी."
मांडीवरच्या वहीत चाचपडत लिहितात,
आकडा आधीच्या आकड्यावर चढतो.
"जोमसोमच्या वाटेवर याच्या तिप्पट धर."
धरते, म्हटलं,
आणि हँडब्रेक सोडला.